व्यापारी संघटनेचे जुने कागद लावताना

नाशिकरोडच्या आमच्या व्यापारी संघटनेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं ते बँकेमुळे. नवे पदाधिकारी निवडून आले, खात्यावरच्या सह्या बदलायच्या होत्या. बँकेने धर्मादाय कार्यालयातलं परिशिष्ट 1, म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांच्या नावांचा नोंदणी उतारा, मागितलं. नक्कल काढली, तर त्यात नोंदलेल्यांपैकी बहुतेक मंडळी हयातच नव्हती.

कार्यकारिणी बदलली की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अर्ज, धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो. आमच्या निवडणुका होत गेल्या, हारतुरे झाले, कागद मात्र हलले नव्हते. वकिलांनी स्पष्टच सांगितलं, मधलं एकही मंडळ गाळू नका, पहिल्यापासून क्रमाने या. प्रत्येकासाठी सभेची नोटीस, हजेरी, ठराव, संमतीपत्रं, गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले, वर उशीर माफीचा अर्ज.

म्हणजे जुनी प्रोसीडिंग बुकं, सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या, शोधणं आलं. ती निघाली एका माजी सचिवांच्या भांड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर. लाल कापडी बांधणी, कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई मात्र शाबूत. सह्या मराठीत, गुजरातीत, काही सिंधीत. हवे होते फक्त ठराव, पण मी सगळंच वाचत बसलो. आधीची निवेदनं नाशिकरोड-देवळाली नगरपालिकेला, 1982 नंतरची महापालिका आयुक्तांना. जकात तर सभेमागून सभा चालूच: नाक्यावर ट्रक खोळंबला, मालाची किंमत जास्त धरली. दुसरा कायमचा विषय उधारीचा. इथल्या नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसचा पगार होईपर्यंत कामगारांच्या घरी किराणा उधार जायचा, आणि तोवर घाऊकवाल्याला थोपवायचं कसं यावर अख्खी सभा व्हायची. स्टेशन आणि प्रेस यांच्या आधाराने हा बाजार कसा उभा राहिला, ते मला या पानांतून नीट कळलं.

2013 मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तेव्हाचे बंद आणि मोर्चे मी स्वतः पाहिलेत. ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला. त्या काळातली पत्रकंही एका फायलीत होती.

वालचंद हिराचंदांनी 1927 साली महाराष्ट्र चेंबर ही व्यापार-उद्योगांची संघटना उभी केली, हे व्यापारात पडलेल्या माणसाला ठाऊक असतं. उपनगरातल्या दुकानदारांनी काय केलं ते मात्र कुणी लिहीत नाही, आणि ते लिहिलं गेलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. दुकान बंद करून रात्री सभेला बसलेली ही माणसं होती.

एका मंडळाचं प्रोसीडिंग शेवटपर्यंत मिळालं नाही. तिथे हयात सभासदांची प्रतिज्ञापत्रं जोडली. सगळे बदल मंजूर झाले, परिशिष्टावर आजची नावं आली, बँकेचं काम मग लगेच झालं. तुमच्या संघटनेचं असंच अडलं असेल तर आधी परिशिष्टाची नक्कल काढा, मग वकील गाठा. बुकं आम्ही स्कॅन करून ठेवली आहेत. आता जुन्या सभासदांच्या घरी जाऊन फोटो आणि हँडबिलं गोळा करतो आहे.