तुम्ही विचारलंत म्हणून: मूकपटातल्या विनोदी नटांचं पुढे काय झालं?

मूकपट दाखवतो म्हटल्यावर मला एक प्रश्न हमखास येतो. "बोलपट आले आणि या सगळ्यांचं वाटोळं झालं, नाही का हो?" विचारणाऱ्याच्या मनात पुढची गोष्ट तयारच असते. पडद्यावर धमाल उडवणारा माणूस माईकसमोर तोंड उघडतो, चिरका आवाज निघतो, लोक खो खो हसतात आणि कारकीर्द तिथेच आटोपते. मग दारू, कर्ज, विस्मृती.

मला ही गोष्ट मान्य नाही. का, ते उभ्या उभ्या सांगून समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आणि एकाच माणसाला धरून लिहितो: चेस्टर कॉन्कलिन. चॅप्लिन, कीटन, लॉइड यांच्या पंक्तीत तो बसत नाही, तसा माझा दावाही नाही. पण १९१३ पासून १९६६ पर्यंत तो पडद्यावर दिसत राहिला. ज्याची कारकीर्द बोलपटाने संपवली असं आपण म्हणतो, त्याच्या कामाची बहुतेक वर्षं बोलपटातलीच आहेत.

कॉन्कलिनचा जन्म १८८६ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ऑस्कालूसा गावचा. तरुणपणी सेंट लुईसमध्ये तो ज्याच्या हाताखाली राबत होता, त्या मालकाच्या ओठावर झुबकेदार मिशा होत्या आणि बोलण्यात जर्मन हेल होता. कॉन्कलिनने त्या मालकाचीच नक्कल बसवली, मिशांसकट. ती घेऊन तो रंगमंचावर गेला, सर्कशीत विदूषक झाला आणि १९१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ईडनडेल भागात विनोदपट काढणाऱ्या मॅक सेनेटच्या कीस्टोन स्टुडिओत दाखल झाला. पुढच्याच वर्षी चार्ली चॅप्लिन तिथे आला. चॅप्लिनच्या अगदी पहिल्या चित्रपटात, 'मेकिंग अ लिव्हिंग'मध्ये, कॉन्कलिन आहे. थोड्याच दिवसांत त्याची आणि धिप्पाड मॅक स्वेनची जोडी जमली. स्वेन ॲम्ब्रोज आणि कॉन्कलिन वॉलरस. वॉलरस म्हणजे झुबकेदार मिशांचा समुद्री प्राणी, तेव्हा हे नाव अर्थातच मिशांवरून पडलेलं.

वॉलरस बुटका, खुनशी, डोळे बारीक करून कट शिजवणारा. कट फसणार हे पहिल्या मिनिटाला कळतं. तरी आपण बघत राहतो, कारण फसतानाचा त्याचा चेहरा बघायचा असतो. कीस्टोनमध्ये धावपळ सगळेच करायचे. कॉन्कलिन थांबायचा. धपकन पडायच्या आधीचा तो अर्धा क्षण, मिशी किंचित थरथरते आणि आपलं काय होणार आहे ते त्याला कळतं. त्याचं पुढचं सगळं काम मला त्या अर्ध्या क्षणातून निघालेलं वाटतं.

मूकपट जोरात असतानाच तो विनोदाबाहेर जाऊन आला होता. दिग्दर्शक एरिक फॉन स्ट्रोहाइमने 'ग्रीड'मध्ये (१९२४) नायिकेच्या बापाचं काम त्याला दिलं. जर्मन वळणाचा कडक शिस्तीचा घरधनी, भाबडाही आणि हेकटही. सेंट लुईसचा तो मालक इथे गंभीर कपड्यांत परत आल्यासारखा वाटतो. स्टुडिओने या चित्रपटाची भयंकर कापाकापी केली. मूळचे आठ-नऊ तास होते, त्यातले अडीचेक उरले. तरी लग्नाचा प्रसंग शाबूत आहे. आत लग्न लागतंय आणि मागच्या खिडकीतून खाली रस्त्यावर अंत्ययात्रा जाताना दिसते. त्या खोलीत उभा असलेला कॉन्कलिन बघा. हशा मागत नाही, आणि तरीही चुकूनसुद्धा कोरा दिसत नाही.

आता आवाजाचं. आवाज हेच कारण म्हणता येईल असा एक विनोदी नट खरोखर आहे: रेमंड ग्रिफिथ. त्याचा घसा सिनेमात येण्याआधीच गेलेला होता, कुजबुजण्यापलीकडे आवाज निघत नसे. १९३० च्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'मध्ये खड्ड्यात नायकासमोर मरून पडलेला फ्रेंच सैनिक म्हणजे ग्रिफिथ. त्यानंतर त्याने अभिनय सोडला आणि तो निर्मितीत गेला. तिथे त्याचं उत्तम चाललं. त्याच चित्रपटात खाण्यावर जीव असलेला हडकुळा त्यादेन आहे. तो स्लिम समरव्हिल, तोही कीस्टोनचाच. बोलपट येताच तो बोलायला लागला आणि शेवटपर्यंत बोलत राहिला.

मग बदललं काय? मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली गोष्ट वेगाची. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचे. विनोदी प्रसंगात कॅमेरामन मुद्दाम सावकाश फिरवायचा, म्हणजे पडद्यावर माणसं झपाट्याने पळायची. ध्वनी आला तसा फिल्मचा वेग सेकंदाला चोवीस चौकटींवर पक्का झाला, कारण वेग हलला की आवाजही हलतो. शिवाय कॅमेऱ्याची घरघर माईकमध्ये जाऊ नये म्हणून सुरुवातीला त्याला बंद खोक्यात कोंडलं. पाठलाग, कोलांट्या, घसरणं या सगळ्याचा ताल कॅमेऱ्याच्या दांडीत होता आणि ती दांडीच गेली. दुसरी गोष्ट जागेची. दोन रिळांची, वीसेक मिनिटांची प्रहसनं मुख्य चित्रपटाच्या आधी लागत. मंदीच्या वर्षांत थिएटरवाल्यांनी एका तिकिटात दोन मोठे चित्रपट दाखवायला सुरुवात केली आणि छोट्या विनोदपटांची जागा आक्रसली. खुद्द सेनेटचं १९३३ मध्ये दिवाळं निघालं. कारखानाच बंद पडल्यावर कामगाराच्या गळ्याची तपासणी करण्यात काय अर्थ?

आवाजाला काहीच किंमत नव्हती असंही मी म्हणणार नाही. १९२७-२८ मध्ये पॅरामाउंटने कॉन्कलिनची जोडी डब्ल्यू. सी. फील्ड्स या विनोदी नटाबरोबर लावली होती. मूकपटात दोघे बरोबरीने उभे होते. बोलपट आला आणि फील्ड्स त्या खर्जातल्या कुरकुऱ्या आवाजावर मोठा नायक झाला. कॉन्कलिन झाला नाही. तो चरित्र अभिनेता झाला, आणि माझ्या मते ते काम त्याच्या अंगात पहिल्यापासूनच होतं.

१९२९ मध्ये गॅरी कूपरच्या 'द व्हर्जिनियन' या बोलपटात तो अंकल ह्यूई आहे. पण मला सगळ्यात आवडतो तो १९३३ चा 'हालेलुया, आय ॲम अ बम'. नायक आहे अल जोल्सन, म्हणजे ज्याच्या 'द जॅझ सिंगर'ने १९२७ मध्ये मूकपटाचा गाशा गुंडाळायला सुरुवात केली तोच. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या भटक्यांची ही कथा, आणि त्यातले कितीतरी संवाद यमकात, तालावर बोललेले. त्यात घोडागाडीवाला आहे कॉन्कलिन आणि दुसरा मोठा मूकपटवीर हॅरी लँग्डन कचरा वेचणारा. या दोघांना आवाजाने संपवलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा चित्रपट एकदा ऐकावा. होय, ऐकावा.

मग 'मॉडर्न टाइम्स' (१९३६). चॅप्लिनने जुन्या सोबत्याला बोलावलं आणि मेकॅनिकचं काम दिलं. यंत्र कॉन्कलिनला गिळतं, फक्त डोकं बाहेर राहतं. तेवढ्यात जेवणाची शिटी होते आणि यंत्र बंद पडतं. मदतनीस चॅप्लिन त्याला तिथेच भरवू लागतो. तोंडात सेलरीची कांडी, मग उकडलेलं अंडं, आणि कॉफी ओतायला आख्खी भाजलेली कोंबडी नरसाळ्यासारखी. हसू चॅप्लिनच्या हातांमुळे येतं असं पहिल्यांदा वाटतं. आता फक्त त्या डोक्याकडे बघा. हातपाय नाहीत, धड नाही, पळायला जागा नाही. उरल्या आहेत मिश्या, डोळे आणि चघळणारे जबडे. तेवढ्यावर तो संताप, असहायता, आणि मधूनच घास चांगला लागल्याचं समाधानसुद्धा दाखवतो. समोर वाईट नट असता तर चॅप्लिन एका बाहुलीला भरवत बसल्यासारखा दिसला असता.

चार वर्षांनी 'द ग्रेट डिक्टेटर'. रेडिओवर ब्राम्सचं पाचवं हंगेरियन नृत्य लागतं आणि न्हावी झालेला चॅप्लिन त्या तालावर दाढी करतो. खुर्चीतलं गिऱ्हाईक कॉन्कलिन. संगीत धावलं की वस्तरा धावतो, सूर लांबला की वस्तरा गळ्याशी रेंगाळतो. या प्रसंगाबद्दल लोक चॅप्लिनच्या तालाचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण तोंडाला साबण फासलेल्या त्या माणसाने एकदा जरी डोळे चुकीच्या मात्रेवर मिचकावले असते तर सगळी रचना कोसळली असती. तबलजीशिवाय गवई कितीही मोठा असला तरी बैठक उभी राहत नाही, तसंच हे.

चाळिशीच्या दशकात दिग्दर्शक प्रेस्टन स्टर्जेसने ठरावीक चेहरे आपल्या चित्रपटांतून पुन्हा पुन्हा वापरले, त्यांत कॉन्कलिन होता. 'सलिव्हन्स ट्रॅव्हल्स'मध्ये आणि 'हेल द कॉंकरिंग हीरो'मध्ये तो सापडेल. नजर तयार असेल तर सापडेल, कारण तोवर भूमिका आखूड झाल्या होत्या आणि श्रेयनामावलीत नाव असेलच अशी खात्री राहिली नव्हती. हे मला मनापासून लागतं. ज्या माणसाच्या मिश्या पोस्टरवर छापल्या जात, त्याला पुढे एका वाक्यापुरतं बोलावलं जायचं. पन्नाशीच्या दशकात तर त्याने दुकानात सांताक्लॉज होऊनही पोट भरलं.

असाच आणखी एक: स्नब पोलार्ड. मेलबर्नचा, हॅरल्ड लॉइडचा जोडीदार, एके काळी स्वतःच्या विनोदपटांचा नायक. 'सिंगिंग इन द रेन'मध्ये जीन केली पावसातलं गाणं संपवून वाटेवरच्या माणसाला छत्री देऊन टाकतो ना, तो माणूस पोलार्ड. गंमत अशी की आवाजाने संपलेल्या मूकपट तारकेची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसवली ती याच चित्रपटाने.

म्हातारपणी कॉन्कलिन वुडलंड हिल्सला सिनेमावाल्यांच्या वृद्धाश्रमात राहत होता. तिथेच राहणाऱ्या जून गुंथर या बाईंवर त्याचं मन बसलं. १९६५ मध्ये दोघांनी लास वेगासला जाऊन लग्न केलं, तेव्हा त्याचं वय ७९ होतं. मग आश्रम सोडून व्हॅन नाइजला घर केलं. पुढच्या वर्षी 'अ बिग हँड फॉर द लिटल लेडी' या हेन्री फोंडाच्या चित्रपटात त्याने शेवटचं काम केलं. १९७१ मध्ये तो गेला, ८५ वर्षांचा होऊन.

सुरुवात कशापासून करावी, हेही तुम्ही विचारता. आधी वॉलरसचा कुठलाही कीस्टोनपट बघा, म्हणजे चेहरा ओळखीचा होईल. लगोलग 'मॉडर्न टाइम्स' आणि 'द ग्रेट डिक्टेटर'मधले ते दोन प्रसंग, चॅप्लिनवरून नजर काढून. 'ग्रीड'ला सवड काढा, घाईत बघू नका. आणि 'हालेलुया' मिळाला तर आवाज मोठा ठेवून बघा.