‘आय५ आहे’ म्हणजे नेमका कितवा?

मुलीला डिप्लोमाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळालं. २०२५च्या ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात तिनं मला वही दाखवली. सी भाषेतला प्रोग्रॅम, पेनानं लिहिलेला, ओळीओळीच्या शेवटी अर्धविराम जागच्या जागी. पण तो चालतो की नाही हे तिला कळणार होतं दुसऱ्या दिवशी, तेही लॅबमध्ये मशीन मोकळं मिळालं तर. वर्गातली बरीच मुलं घरून चालवून आणत होती. "मोबाइलवर करते मी बाबा, जमतंय," असं ती म्हणायची. मोबाइलचा निम्मा पडदा कीबोर्डच खातो. जमत नव्हतं हे मला समोर दिसत होतं.

मी बदलापूरला राहतो, एका शाळेत लिपिक आहे. त्याच महिन्यात भिशीचे १५,००० रुपये हातात आले होते. एवढ्या पैशांत धड लॅपटॉप येत नाही, म्हणून डेस्कटॉपच घ्यायचा हे ठरलेलं होतं. घराजवळच्या एका दुकानाबाहेर फलक होता: फुल सेट ९,४९९ रुपये. इंटेलचा कोअर आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, १९ इंची मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, वायफाय डोंगल, विंडोज, ऑफिस, सगळं टाकून, वर एक वर्षाची वॉरंटी. मी आत गेलो. कॅबिनेट कोरं, बाजूला काच, आत रंगीत दिवे. १५,०००मधले साडेपाच हजार वाचत होते. खरं सांगतो, मी पाकीट काढायच्या बेतात होतो.

तेवढ्यात भाच्याचा फोन आला. तो ऐरोलीला एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायच्या कामावर आहे. मी हौसेनं सगळं वाचून दाखवलं. त्यानं एकच विचारलं, "मामा, आय५ कितव्या जनरेशनचा?"

दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, आय५ म्हणजे आय५. आय३पेक्षा भारीच." भाच्यानं फोनवरच सांगितलं, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि उजवीकडे वर जे नाव दिसतंय ते मला वाचून दाखवा. तिथे होतं: आय५-२४००. "शेवटचे तीन आकडे सोडा. आधी काय उरतं? दोन. म्हणजे दुसरी जनरेशन. हा प्रोसेसर २०११चा आहे, मामा."

मी पाकीट परत खिशात ठेवलं. घरी आलो, पण मन अस्वस्थ होतं. जुना असेना, प्रोग्रॅम तर चालेल ना? त्या रात्री भाच्यानं तासभर बसून मला हे प्रकरण उलगडून सांगितलं, आणि ते इथे सविस्तर लिहितोय, कारण अशा सेटची जाहिरात प्रत्येक गावात लागलेली असते.

जुने ऑफिसचे कॉम्प्युटर भंगारात निघतात तेव्हा त्यांतले प्रोसेसर शाबूत असतात. प्रोसेसर सहसा मरत नाही, आधी मरतो तो मदरबोर्ड. मग हे जुने प्रोसेसर नव्यानं बनवलेल्या स्वस्त एच६१ बोर्डावर बसवतात, नव्या कॅबिनेटमध्ये घालतात, आणि डबा कोरा दिसतो. एच६१ हा चिपसेटच, म्हणजे बोर्डावरची सगळं जोडणारी मुख्य चिपच, मुळात २०११चा. त्याला रॅमचे दोनच स्लॉट, तेही जुन्या डीडीआर३ रॅमचे. यूएसबी ३ त्या चिपसेटमध्ये नाही. डिस्क जोडायच्या साटा पोर्टचा वेग जुना, ३ गिगाबिटचा. त्यामुळे एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, लावली तरी ती निम्म्या वेगावर अडते. आणि सगळ्यात मोठी अडचण विंडोजची. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांत. विंडोज ११ला रीतसर चालायला इंटेलची साधारण आठवी जनरेशन किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी. त्या दुकानदारानं मला "हवं तर ११ टाकून देतो" असंही म्हटलं होतं. तशी वाट काढता येते, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. माझ्या मुलीचा डिप्लोमा तीन वर्षांचा. मला निदान तीन वर्षं चालणारी वस्तू हवी होती.

मी कागदावर हिशोब मांडला. ९,४९९ची वस्तू घेतली तर हार्ड डिस्कऐवजी एसएसडी लागणारच, ती तेव्हा साधारण १,५००ची. म्हणजे सेट ११,०००वर गेला, आणि आत बसलाय १४ वर्षांपूर्वीचा प्रोसेसर. त्याच प्रोसेसरचं मशीन कुणी दोन-तीन हजारांत देत असेल, त्यावर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स मिंट टाकून टायपिंग आणि ब्राउजिंग करायचं असेल, तर वाईट नाही, भाचा स्वतः तसं एक वापरतो. पण साडेनऊ हजार त्या वस्तूचे नव्हेतच.

मग पर्याय काय? भाचा म्हणाला, नवं दिसणारं जुनं घेण्यापेक्षा जुनं दिसणारं चांगलं घ्या. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी ऑफिसचे कॉम्प्युटर लॉटमध्ये काढून टाकतात. डेलचं ऑप्टिप्लेक्स ३०६०, एचपीचं प्रोडेस्क ६०० जी४, लेनोवोचं थिंकसेंटर एम७२०, ही सगळी आठव्या जनरेशनची मॉडेलं, २०१८च्या आसपासची. बोर्ड कंपनीचाच, पॉवर सप्लाय कंपनीचाच, आणि आयुष्यभर एसीत ठेवलेली. एन१०० प्रोसेसरच्या नव्या मिनी पीसीचाही त्यानं विचार करायला सांगितला. वीज फार कमी खातो, विंडोज ११ चालतं. पण त्याला मेमरीचा एकच चॅनल, म्हणजे रॅमकडे जायची एकच वाट, आणि बिघडला तर आमच्याकडे दुरुस्त करणारा मिळणं कठीण, म्हणून तो मी सोडला.

शनिवार ठरवला, कारण रविवारी लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं बंद आणि वर मेगाब्लॉक. सकाळची लोकल, दादरला बदलून ग्रँट रोड. स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की पाच-सात मिनिटांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. त्याला लॅमिंग्टन रोड सोडून दुसरं काही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मुलगी बरोबर होतीच, भाचा दादरला भेटला.

पहिल्या दुकानात आठव्या जनरेशनचं मशीन ११,०००ला होतं. भाव ऐकून आनंद झाला. भाच्यानं काळी खिडकी उघडून एक आज्ञा टाइप केली, slmgr, स्लमगर असं काहीतरी वाचता येतं ते, पुढे तिरकी रेघ आणि एक्सपीआर (xpr). एक छोटी चौकट आली आणि तीत तारीख होती, सहा महिन्यांच्या आत संपणारी. तो म्हणाला, विंडोजच्या खऱ्या लायसनवर इथे कायमचं ऍक्टिव्हेट असल्याचं येतं. १८० दिवसांची मुदत दिसली तर ते मोठ्या कंपन्यांच्या पद्धतीचं ऍक्टिव्हेशन, घरच्या मशीनवर त्याचं काही काम नाही. दुकानदार म्हणाला, "चालू आहे ना साहेब, मग?" हार्ड डिस्क तपासली तर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा चौकोन, ‘कॉशन’, आणि चालू तास ३१,२१४. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे ती डिस्क साडेतीन वर्षं अखंड फिरली होती. आम्ही नमस्कार करून निघालो.

दुसऱ्या दुकानात भावच जास्त होता. तिसऱ्या दुकानातल्या माणसानं, आम्ही काही विचारायच्या आधीच, कॅबिनेटचं झाकण काढून ठेवलं. तिथे मला पहिल्यांदा बरं वाटलं.

मशीन होतं ऑप्टिप्लेक्स ३०६०, छोट्या आकाराचं, काळं, समोरच्या पट्टीवर कुणाच्या तरी नखाचे ओरखडे. आय५-८५००, म्हणजे सहा कोअर. मागच्या चिकटपट्टीवर सात अक्षर-आकड्यांचा सर्व्हिस टॅग होता. तो मुलीनं मोबाइलवरून डेलच्या साइटवर टाकला आणि मशीनची कुंडलीच समोर आली. वॉरंटी मार्च २०१९ला सुरू, तीन वर्षांनी संपलेली. मूळ मशीन ५०० जीबी हार्ड डिस्कचं. आता आत होती २५६ जीबी एसएसडी. म्हणजे ती दुकानानं घातलेली, हे कळलं. विचारल्यावर त्यानं लपवलं नाही. तपासली, चालू तास सहा, आरोग्य १०० टक्के. नव्या डिस्कची वॉरंटी तो एक वर्ष लिहून देतो म्हणाला.

भाच्यानं चालू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये, नेलं. पासवर्ड मागितला नाही, हे महत्त्वाचं. कंपनीनं लावलेलं कुलूप तसंच राहिलं असेल तर पुढे फार त्रास होतो. आत एका कोपऱ्यात जुन्या ऑफिसनं घातलेला मालमत्ता क्रमांक अजून होता. कोण माणूस या मशीनसमोर तीन-चार वर्षं बसला असेल असं क्षणभर मनात आलं. मग रॅम. ८ जीबी एकाच पट्टीत की ४-४च्या दोन? टास्क मॅनेजरमध्ये ‘दोनपैकी एक स्लॉट वापरात’ असं दिसलं. म्हणजे उद्या अभ्यासात अँड्रॉइड स्टुडिओ, मोबाइलची ॲप बनवायचं जड सॉफ्टवेअर, आलं की शेजारी आणखी एक ८ची पट्टी बसेल, आहे ती फेकावी लागणार नाही.

मुलीनं विचारलं, यात ग्राफिक्स कार्ड बसेल का. पॉवर सप्लाय २०० वॉटचा आणि डेलच्या खास जोडणीचा, बाजारातला साधा त्यात बसत नाही. बुटकं, वेगळी वीज न मागणारं कार्डच चालेल. गेमसाठी कुणी विचारलं तर हा डबा मी सुचवणार नाही. तिनं मान डोलावली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

१३,००० सांगितले, १२,५००ला दिलं, जीएसटीच्या बिलासकट. बिलावर सर्व्हिस टॅग लिहून घेतला. वापरलेला मॉनिटर २,४००. त्याला जुनी व्हीजीए जोडणीच होती आणि मशीनच्या मागे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट, म्हणून ३००चा कन्व्हर्टर. तो लावून चित्र तिथेच बघितलं. कीबोर्ड-माऊस ५५०. ऑफिसच्या या मशीनमध्ये वायफाय बहुधा नसतं, यातही नव्हतं, म्हणून ४००चा डोंगल. एकूण १६,१५०. भिशीच्या वर ११५० गेले. ते मी गणपतीच्या खर्चातून काढले आणि घरी तसं आधीच सांगितलं.

परतीला लगेजच्या डब्यात चढलो. मॉनिटर माझ्या मांडीवर, कॅबिनेट मुलीच्या. ठाण्यापर्यंत तिनं त्यावरचे हात काढले नाहीत.

घरी पोहोचल्यावर भाच्यानं दुकानातलं सगळं पुसून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेलं विंडोज ११ नव्यानं टाकलं. त्यानं लायसनची की मागितलीच नाही. मूळ लायसन बोर्डातच साठवलेलं असतं, इंटरनेट जोडताच ते आपोआप ऍक्टिव्हेट झालं. ऑफिस मात्र नाही. त्याऐवजी फुकटचं लिब्रेऑफिस टाकलं, तिच्या प्रोजेक्ट रिपोर्टला पुरतं. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत १९ सेकंद लागले, मी घड्याळ लावून बघितलं.

रात्री साडेदहाला तिनं वही उघडली आणि तोच पहिला प्रोग्रॅम टाइप केला. चालला नाही. सातव्या ओळीत कंस बंद केला नव्हता, वहीत तो तिला दिसलाच नव्हता. तिनं तो घातला, पुन्हा चालवला, आणि मग वहीतले पुढचे पाच प्रोग्रॅम एकापाठोपाठ एक करत बसली. मी झोपायला गेलो तेव्हा कीबोर्डचा आवाज चालूच होता.

आता चार महिने झाले. परवा तिच्या मैत्रिणीच्या वडिलांचा फोन आला. ते एका दुकानात उभे होते. "अहो, फुल सेट मिळतोय साडेआठ हजारांत. आय५ आहे. घेऊन टाकू का?"

मी म्हणालो, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. परफॉर्मन्सवर जा. उजवीकडे वर काय लिहिलंय ते वाचा.

"आय५... ३४७०."

"शेवटचे तीन सोडून काय उरलं?"

ते थोडा वेळ गप्प होते. मागे दुकानदाराचा आवाज येत होता.

"तीन," ते म्हणाले.

"शनिवारी मोकळे आहात का?" मी विचारलं.