डॉफ

हीरकमहोत्सवी अंकासाठी लिहावे, असे शाळेचे पत्र आले तेव्हा प्रयोगशाळा, स्नेहसंमेलन, गच्चीवरची कवायत असे बरेच काही लिहिता येईल असे वाटले होते. परंतु लेखणी हाती घेतल्यावर इंग्रजीच्या सरांच्या एका तासापलीकडे मन जाईना. सरांचे नाव या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

आठवीत, १९८० साली, धड्यात ‘डॉफ’ हे क्रियापद आले आणि वर्गात खसखस पिकली, कारण माझे वडील गिरणीच्या कताई खात्यात डॉफर होते. सर कोणावरही रागावले नाहीत. त्यांनी फळ्यावर ‘डू’ आणि ‘ऑफ’ असे दोन शब्द लिहिले आणि ते जोडून दाखवले. अंगावरचे उतरवणे एवढाच त्याचा मूळ अर्थ; ‘डू ऑन’चा जसा ‘डॉन’ झाला, तसा ‘डू ऑफ’चा ‘डॉफ’. इंग्रज आदराने टोपी उतरवतो, आपण उंबऱ्याबाहेर वहाणा उतरवतो, पण पगडी उतरवावी लागली तर तो अपमान, हेही त्यांनी ओघात सांगितले. मग मला विचारले, “तुझे वडील काय उतरवतात?” सुताने भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या चढवतात, असे मी उभा राहून सांगितले. “म्हणजे हा शब्द ते रोज जगतात, मी वर्षातून एकदा शिकवतो,” सर म्हणाले. इंग्रज कोशकार डॉ. जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या इंग्रजी कोशात हा शब्द कालबाह्य ठरवून खेडूतांखेरीज तो फारसा कोणी वापरीत नाही, असा शेरा मारला होता, हे सांगताना त्यांना झालेला आनंद मला अजून दिसतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि वडिलांची बॉबीन कायमची सुटली. आज गिरणीच्या जागी टॉवर आहे, भोंगा नाही.

मी डॉक्टर झालो. २०२० साली आमच्या रुग्णालयात एका दारावर ‘डॉफिंग’ अशी पाटी लागली. संरक्षक पोशाख चढवण्यापेक्षा उतरवतानाच संसर्गाचा धोका अधिक, म्हणून हातमोजे आधी आणि मुखपट्टी सर्वांत शेवटी, हा क्रम परिचारिकांना शिकवण्यापूर्वी मी सरांसारखे ते दोन शब्द फळ्यावर लिहीत असे. घरी वडिलांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “किती मिनिटांत होतो तुमचा डॉफ?” वीस मिनिटे म्हटल्यावर ते म्हणाले, “आमच्या खात्यात मशीन इतका वेळ उभे राहिले असते, तर जॉबरने, म्हणजे मुकादमाने, घरी पाठवले असते.”