दुष्काळाच्या वर्षातलं मॉलिब्डेनम

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला प्रकल्पासाठी दोन संयुगं मिळाली, फॉस्फोमॉलिब्डिक ॲसिड आणि फॉस्फोटंग्स्टिक ॲसिड. दोन्ही बनवायची, त्यांची ओळख पटवायची आणि एकमेकांशी ताडून बघायची. वर्ष २०१६, गाव लातूर. त्या उन्हाळ्यातलं लातूर ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं काही सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलेलं, नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे यायला लागली. घागरी घेऊन रांगेत उभं राहायचं आणि मग प्रयोगशाळेत जायचं, असा आमचा दिवस होता.

मॅडमनी हाच विषय का दिला, ते मला उशिरा समजलं. आवर्त सारणीत मॉलिब्डेनम ४२ नंबरचं आणि त्याच्या बरोबर खाली टंगस्टन, ७४. अणुभार जवळपास दुप्पट, ९५.९५ आणि १८३.८४. एक ओळ खाली आलं म्हणजे अणू मोठा व्हायला पाहिजे. पण मधे लँथनाइड नावाच्या मूलद्रव्यांची अख्खी रांग येते, तिच्यामुळे अणू आकसतो, आणि सहा विद्युतभाराच्या अवस्थेत दोघांची त्रिज्या जवळजवळ सारखीच भरते, ५९ आणि ६० पिकोमीटर. म्हणून दोघं एकसारखीच घरं बांधतात. मधे फॉस्फरसचा चतुष्फलक, भोवती धातूचे १२ अष्टफलक, तीन-तीनच्या चार गटांत जोडलेले, आणि एकूण ४० ऑक्सिजन. मॉलिब्डेनमचा असा पिवळा क्षार बर्झेलियसनं १८२६ साली पाहिला होता. पण आतली बांधणी कळायला १९३३ उजाडलं. केगिननं क्ष-किरणांनी टंगस्टनच्या ॲसिडची रचना उलगडली. आजही तिला केगिन रचनाच म्हणतात.

सुरुवात टंगस्टनपासून केली. २५ ग्रॅम सोडियम टंगस्टेट आणि ४ ग्रॅम डायसोडियम फॉस्फेट ३८ मिलीलीटर उकळत्या पाण्यात विरघळवायचं, ढवळत ढवळत २० मिलीलीटर तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंबाथेंबानं सोडायचं, थंड करायचं आणि ईथरनं काढून घ्यायचं. वाचायला दोन ओळींचं काम आहे. पण ईथर ३४.६ अंशाला उकळतं आणि एप्रिलमध्ये आमच्या प्रयोगशाळेत दुपारी ४० च्या पुढे पारा जायचा. पहिल्या दिवशी अकरा वाजता मी सेपरेटिंग फनेल, म्हणजे थर वेगळे करायचं तोटीचं भांडं, हलवलं आणि बूच फट्‌कन उडून छताला लागलं. अर्धं ईथर हवेत गेलं. जवळपास ज्योत नव्हती म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला यायला लागले. रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणायची, फनेल आणि ईथरची बाटली आधी त्यात गार करायची, आणि दर दोन हेलकाव्यांनी नळी वर करून वाफ सोडायची. खोलीतले सगळे बर्नर बंद.

त्या सकाळी जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. फनेलमध्ये तीन थर पडले. वर ईथर, मधे पाणी, आणि तळाला तेलासारखा जड, किंचित हलणारा थर. ईथर पाण्यापेक्षा हलकं, तरी ॲसिड त्याला धरून बसलं की ते तळाला जातं. त्या ॲसिडचा रेणुभारच २८८० आहे. तोटी अलगद फिरवून तो तळचा थर बीकरमध्ये घेतला. थोडं पाणी घालून ईथर उडू दिलं, आणि तिसऱ्या दिवशी बीकरच्या तळाशी खडीसाखरेसारखे लखलखीत स्फटिक दिसले.

ते मी कौतुकानं वॉच ग्लासवर काढून ठेवले आणि घरी गेले. सकाळी येऊन बघते तर स्फटिकांच्या जागी पांढरं पीठ. मला वाटलं प्रयोग बिघडला. बिघडलं काहीच नव्हतं. त्या स्फटिकांत एका रेणूमागे ३० च्या आसपास पाण्याचे रेणू असतात, आणि कोरड्या हवेत ते निघून जातात. लातूरच्या त्या हवेत एका रात्रीत गेले. तिथून पुढे मी प्रत्येक नमुना लगेच घट्ट बुचाच्या बाटलीत भरला.

मॉलिब्डेनम त्याहून नाजूक निघालं. तळचा थर सोन्यासारखा पिवळा आला, पण स्फटिक होता होता हिरवट पडायला लागला. कारण मीच होते. स्टीलच्या चमच्यानं ढवळलं होतं. मॉलिब्डेनमला कुठूनही एखादा इलेक्ट्रॉन मिळाला, धातूकडून, धुळीतून, ईथरमधल्या जराशा अल्कोहोलकडून, की ते निळसर होतं, आणि पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा. मॅडमनी तीव्र नायट्रिक ॲसिडचे दोन थेंब टाकायला लावले. कोमट केल्यावर पिवळा परत आला. चमचा काचेचा घेतला.

आता मुख्य अडचण. पहिल्या महिन्यापासून मी रोज एक साधी तपासणी करत होते. अमोनियम मॉलिब्डेट आणि ॲसिडच्या द्रावणात फॉस्फेट असलं तर हेच पिवळं संयुग बनतं, नसलं तर नितळ राहतं. रोज एक कोरी नळी लावायची, फॉस्फेटशिवाय. ती नितळ राहिली म्हणजे भांडी आणि पाणी स्वच्छ. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ती कोरी नळी पिवळी झाली. मी भांड्यांवर संशय घेतला, धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट असतं म्हणून. सगळी काच ॲसिडनं धुतली. तरी पिवळीच. चार दिवस असे गेले.

मग मॅडम म्हणाल्या, "त्यात ऑक्झॅलिक ॲसिड टाकून बघ. फॉस्फेटचं पिवळं मोडतं. सिलिकेचं टिकतं." मी दोन नळ्या शेजारी ठेवल्या. एकीत मुद्दाम फॉस्फेट घातलेलं, दुसरी माझी कोरी. दोन्हींत ऑक्झॅलिक ॲसिड टाकलं. पहिलीचा रंग माझ्यासमोर उतरत गेला. दुसरी तशीच पिवळी राहिली. म्हणजे पाण्यात सिलिका होती. आपल्याकडचा खडक बेसॉल्टचा, त्यातून झिरपलेल्या पाण्यात विरघळलेली सिलिका असतेच. पण माझ्या कॅनवर तर 'डिस्टिल्ड' अशी चिठ्ठी होती.

प्रयोगशाळेतल्या मामांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. "ताई, डिस्टिलेशनच्या कंडेन्सरला पाणी लागतं. एक लीटरसाठी बादल्याच्या बादल्या वाहून जातात. टाकीत थेंब नाही. तुमचं काम थांबू नाही म्हणून घरच्या बोअरचं आणून भरलं."

ज्या दिवसांत शेजारी शेजाऱ्याला घागर देत नव्हता, त्या दिवसांत त्या माणसानं स्वतःच्या घरचं वीस लीटर पाणी सायकलवर बांधून आणलं होतं. मला काय बोलावं सुचेना. तेवढ्या सिलिकेनं २५ ग्रॅमच्या स्फटिकांचं फारसं बिघडलं नसतं, पण रंग मोजण्याचे सगळे आकडे गेले होते आणि ते पुन्हा करावे लागणार होते.

मार्ग दोघांनी मिळून काढला. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड पाण्याचा पाच लीटरचा कॅन आणला. कोरी नळी लावली, नितळ राहिली. आणि मामांनी घरच्या बंद कूलरचा छोटा पंप काढून आणला. तो टबात ठेवला, नळी कंडेन्सरला जोडली, परतीचं पाणी पुन्हा टबात. टबात बर्फाचा खडा. तेच वीस लीटर पाणी आठवडाभर फिरत राहिलं आणि आमचं डिस्टिलेशन सुरू झालं.

ओळख पटवायला नमुने घेऊन एसटीनं विद्यापीठात गेले. इन्फ्रारेडच्या आलेखात, दर सेंटीमीटरमागे लहरींच्या मापात, टंगस्टनच्या रेषा १०८०, ९८३, ८९० आणि ८०० च्या आसपास आल्या, मॉलिब्डेनमच्या १०६४, ९६२, ८७० आणि ७९० जवळ. एकाच साच्याचे दोन आलेख. घर एकच, हे कागदावर दिसलं.

स्वभाव मात्र वेगळा. दोघांच्या पातळ द्रावणात एस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे सी जीवनसत्त्व, घातलं. मॉलिब्डेनम गडद निळं झालं, टंगस्टनला काही फरक पडला नाही. टंगस्टनला निळं करायला जस्ताची पूड टाकावी लागली. आम्लता बघितली तर उलटं, तिथं टंगस्टन जास्त तीव्र. म्हणून गरम अल्कोहोलमध्ये एस्टर बनवायला टंगस्टनचं ॲसिड चांगलं चाललं आणि मॉलिब्डेनमचं तिथंही रंग बदलत बसलं. पण तोच गुण टीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून बघायच्या, प्लेटवर कामाला येतो. त्याच्या द्रावणात प्लेट बुडवून तापवली की न दिसणारे ठिपके निळे उठतात.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा अण्णांनी मृद आरोग्य पत्रिका पुढे केली. "ह्यात स्फुरद लिवलंय, ते कसं काय मोजतेत गं?" मी कागद बघत राहिले. आमच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ओल्सन पद्धतीनं मोजतात, आणि त्यात शेवटी हाच मॉलिब्डेनमचा निळा रंग असतो. अख्खा उन्हाळा मी जो रंग बघत होते, तो आमच्या वावराच्या कागदावर आकडा होऊन बसला होता आणि मला माहीत नव्हतं.

जूनमध्ये पाऊस पडायच्या आत वावरातली माती घेऊन गेले. अडीच ग्रॅम माती, ८.५ सामूचं सोडियम बायकार्बोनेट ५० मिलीलीटर, मातीचा रंग घालवायला कोळशाची पूड, अर्धा तास हलवणं, गाळणं, मग मॉलिब्डेट आणि एस्कॉर्बिक ॲसिड. कोरी नळी नितळ राहिली. अण्णांच्या मातीची नळी हळूहळू आभाळासारखी निळी झाली. हेक्टरी १४ किलो आलं, मध्यमाच्या खालच्या कडेला.

त्या नळीचा फोटो अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला.

"म्हंजे यंदा सोयाबीनला डीएपी किती टाकायचं, ते सांग आता."

मी वहीचं मागचं पान उघडलं.