शिंपला सपाट नसतो

बडोद्यात जुन्या वस्तूंचा विषय निघाला की बोलणे थोड्याच वेळात मोत्यांवर येऊन थांबते. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला, लाखो बसराई मोती गुंफलेला गालिचा २००९ साली दोह्याच्या लिलावात विकला गेला, याची हळहळ आमच्या दांडिया बाजारातल्या घरात अजूनही व्यक्त होते. ती हळहळ मला समजते. तरीही गेली अनेक वर्षे माझे मन मोत्यापेक्षा शिंपल्यात, शंखात आणि कवडीत अधिक गुंतले आहे. मोती जसा मिळतो तसाच ओवता येतो. त्याला भोक पाडण्यापलीकडे कारागिराला फारसे काही करावे लागत नाही. शिंपल्याचे तसे नसते. तो वाकडा, ठिसूळ आणि जिथे तिथे वेगळ्या जाडीचा असतो, आणि त्याचा हा मूळ आकार कारागिराने कसा सांभाळला, यावरच वस्तूचा कस लागतो.

या नादाची सुरुवात पणजीच्या फणेरपेटीपासून झाली. सागवानी पेटी, आत आरसा, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी ठेवण्याचे खण, आणि झाकणावर मधोमध शिंपल्याच्या तुकड्यांचे आठ पाकळ्यांचे कमळ. प्रत्येक पाकळी बारीक पितळी चुकेने, म्हणजे छोट्या खिळ्याने, ठोकून बसवलेली. आमच्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती पेटी गौरीसमोर मांडतात. काही वर्षांपूर्वी त्या तयारीत चुका काळ्या पडलेल्या दिसल्या, म्हणून मी समयांबरोबर त्यांनाही चिंचेचे पाणी लावले. पितळ लखलखले, पण त्याच्याभोवतीच्या शिंपल्यावरची गुलाबी-हिरवी झाक गेली आणि तिथे खडूसारखा पांढुरका डाग उरला. तो आजही आहे.

असे का झाले, हे नंतर नीट समजून घेतले. शिंपल्याचा चमकदार थर म्हणजे चुनखडीच्याच जातीच्या द्रव्याच्या अतिशय पातळ चकत्या असतात. एका मिलिमीटरच्या सुमारे २,००० व्या भागाइतक्या जाडीच्या या चकत्या प्राण्याने स्रवलेल्या सेंद्रिय पदार्थात विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. तिथे दिसणारे रंग हे रंगद्रव्याचे नसतात. या थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि त्यातून ते उमटतात. आंबट पदार्थ वरच्या चकत्या खातो, रचना मोडते आणि तिच्याबरोबर रंगही जातो. लिंबू, चिंच, आमसूल, व्हिनेगर यांपैकी काहीही शिंपल्याजवळ नेऊ नये. मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसावे आणि लगेच कोरडे करावे, याहून अधिक काही करण्याची गरज नसते.

पणजीची पेटी ज्या प्रकारच्या कामाची घरगुती, साधी वंशज आहे, ते काम गुजरातेचेच. बडोद्याहून फार दूर नसलेल्या खंभात बंदराचे नाव त्यात फार लवकर येते. १५०२ साली पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीच्या राजाने वास्को द गामाला जो पलंग भेट दिला, तो खंभातचा होता आणि त्यावर सोन्याचे व शिंपल्याचे काम होते, असा उल्लेख पोर्तुगीज बखरीत आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली एक पेटी तर या कामाच्या कीर्तीचा उत्तम पुरावा आहे. तिचे शिंपल्याचे अंग गुजरातचे, आणि त्यावरची सोनेरी मुलाम्याची जडणघडण पिएर मांगो या पॅरिसच्या सोनाराने १५३२-३३ मध्ये केलेली. फ्रान्सच्या राजाच्या सोनाराला आपल्या कामाची जोड द्यावीशी वाटावी, अशी ती वस्तू आपल्या किनाऱ्यावरून गेली होती, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

या कामाच्या दोन मुख्य रीती होत्या. एका रीतीत लाकडाची पेटी शिंपल्याच्या तुकड्यांनी पूर्ण मढवून ते तुकडे पितळी चुकांनी जडवत. दुसऱ्या रीतीत लाकडावर राळेसारख्या काळ्या लुकणाचा थर देऊन त्यात पानाफुलांच्या आकाराचे तुकडे बसवत, त्यामुळे काळ्या जमिनीवर वेलबुट्टी उजळून दिसे. फतेहपूर सिक्रीला सलीम चिश्ती यांच्या कबरीवरचे शिंपल्याने मढवलेले छत्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही झळाळी आठवेल. येथे शिंपला म्हणताना दोन शिंपांचा शिंपलाच नेहमी अभिप्रेत नसतो, हेही सांगायला हवे. अनेक नामांकित पेट्यांसाठी उष्ण समुद्रांतल्या एका मोठ्या, फेट्यासारख्या गोलाकार शंखाचे कवच वापरलेले आहे. बाहेरचा हिरवट, खरबरीत थर घासून काढला की आत मोत्याची चमक लागते. आता एका गोल शंखातून हातभर लांब सपाट फळी कशी निघणार? निघतच नाही. म्हणून त्या कारागिरांनी माशाच्या खवल्यांसारखे छोटे तुकडे कापले आणि ते ओळीने मांडले. आज आपण ज्याला नक्षी म्हणून नावाजतो, तो खवल्यांचा नमुना मुळात शंखाच्या गोलाईतून निघालेला आहे. माझ्या पणजीच्या पेटीवरची प्रत्येक पाकळी तिरप्या उजेडात पाहिली तर ती मधोमध किंचित फुगलेली दिसते. मांडवीजवळच्या एका जुन्या दुकानदारांनी मला हे पहिल्यांदा दाखवले. पाकळीवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, “बेन, छीप कधी सपाट नसते. सपाट लागली तर समजायचं, दुसरं काहीतरी आहे.”

हेच शहाणपण साडेचार हजार वर्षांपूर्वीही होते, हे मला बडोद्यातच कळले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने १९८० च्या दशकात द्वारकेजवळ नागेश्वर येथे उत्खनन केले. तिथे हडप्पा संस्कृतीच्या लोकांची शंखकामाची वस्ती निघाली. पूजेत असतो त्याच जातीच्या शंखापासून तिथे बांगड्या करत, आणि काटेरी फांद्या असलेल्या दुसऱ्या एका शंखापासून पळ्या. शंखाचा मधला खांब फोडून काढायचा, मग धातूच्या करवतीने त्याची आडवी कडी कापायची आणि ती आतून-बाहेरून घासायची, असा तो क्रम. पण शंखाचे कडे हे खरे वर्तुळ नसते. वेटोळ्याचे एक वळण जिथे पुढच्या वळणाला मिळते, तिथे एक जोड राहतो आणि त्या जागी गोलाई मोडते. हडप्पा संस्कृतीचा बांगडीवाला नेमक्या त्या जोडावर उलट्या-सुलट्या बाणासारखी एक छोटी खाच कोरत असे. शंखाच्या बांगडीचा फुटका तुकडा हाती आला की अभ्यासक आधी ती खाच शोधतात. दोष झाकण्यासाठी कोरली की जोडाला मान देण्यासाठी, याचा निवाडा मी करणार नाही, परंतु एवढी देखणी तडजोड मी दुसऱ्या कुठल्या दागिन्यात पाहिलेली नाही.

द्वारका, बेट द्वारका आणि ओखा हा सगळा ओखामंडळाचा मुलूख गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होता, हे आजच्या पिढीतल्या अनेकांना ठाऊक नसते. बेटाचे जुने नावच शंखोद्धार. पांचजन्याची कथा तिथलीच सांगतात. सयाजीराव महाराजांच्या काळात संस्थानाने त्या किनाऱ्याची शास्त्रीय पाहणी करवून घेतली आणि सागरी प्राण्यांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांचा त्यावरचा अहवाल १९०९ साली निघाला. हॉर्नेल यांनीच पुढे भारतातल्या पवित्र शंखावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शंख म्हणजे केवळ देवघरातली वस्तू न मानता किनाऱ्यावरचे उत्पन्न, कारागिरी आणि जीवशास्त्र यांचा एकत्र विचार करणारे संस्थान आपले होते, याची आठवण बडोदेकरांनी ठेवावी असे मला वाटते.

देवघरातल्या शंखाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यात फसवणूक फार होते. शंखाची निमुळती, पन्हळीसारखी बाजू वर आणि तोंड आपल्याकडे धरले असता नेहमीच्या शंखाचे तोंड डाव्या हाताला येते. तो वामावर्ती. क्वचित, अगदी क्वचित, त्याच जातीचा शंख उलट्या वळणाचा निपजतो आणि त्याचे तोंड उजव्या हाताला येते. तो दक्षिणावर्ती, आणि त्याची किंमत त्याच्या दुर्मिळतेची असते. बाजारात दक्षिणावर्ती म्हणून जे सर्रास विकले जाते, ते पुष्कळदा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात सापडणाऱ्या एका वेगळ्याच प्राण्याचे कवच असते. त्याची सारी जातच उजव्या तोंडाची, त्यामुळे त्यात दुर्मिळ असे काही नाही. ओळखायला सोपे आहे. तोंडातून आत, मधल्या खांबावर पाहावे. आपल्या शंखात तिथे तीन-चार ठळक, आडव्या निऱ्या असतात, आणि त्या परक्या कवचात तो खांब गुळगुळीत असतो. आमच्या ओळखीच्या एका घरी असा शंख मोठी रक्कम देऊन आणला होता आणि घरातल्या आजींची त्यावर श्रद्धा बसली होती. मी त्यांच्यासमोर काही बोलले नाही. श्रद्धेचा आणि खरेदीचा हिशोब वेगळा ठेवावा, असे मला वाटते. पण विकणाऱ्याने मात्र खरे सांगायलाच हवे होते.

कवडीची गोष्ट निराळी. ती इतकी पुरेपूर घडलेली असते की कारागिराला तिच्यात करण्यासारखे एकच काम उरते, ते म्हणजे पाठ घासून काढणे. पाठ गेली की कवडी सपाट बसते आणि दोरा ओवता येतो. सौराष्ट्रातल्या बैलांच्या झुली, उंटांचे साज, डोक्यावरच्या हंड्याखाली ठेवायच्या चुंबळी, या सगळ्यांवर अशाच कवड्या टाचलेल्या असतात. आपल्याकडे तुळजाभवानीच्या भुत्यांच्या आणि गोंधळ्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. एखाद्या जुन्या माळेतल्या कवड्यांच्या कडा वर्षानुवर्षे अंगावर घासून कशा मऊ झालेल्या असतात, हे हातात घेतल्याशिवाय समजत नाही. सारीपाटाच्या कवड्या मात्र आमच्या घरी वेगळ्या पिशवीत असत, पाठीसकट पूर्ण. त्या उलट-सुलट पडाव्यात म्हणून त्यांना पाठ लागते. मालदीव बेटांवरून येणारी हीच कवडी शतकानुशतके आपले चलन होती. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण आणि १६ पणांचा एक द्रम्म असे कोष्टक दिले आहे. म्हणजे एका द्रम्माला १,२८० कवड्या. ‘कवडीमोल’ हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो, पण ज्या वस्तूवर सारा हिशोब उभा होता, तिच्याविषयी तो शब्द मला नेहमीच थोडा अन्यायाचा वाटतो.

नुसत्या नक्षीतल्या शिंपल्याविषयी मला कमी सांगायचे आहे. जुन्या विलायती धाटणीच्या खुर्च्यांच्या पायांवर, आरशांच्या चौकटींवर पंख्यासारखा पसरलेला शिंपला कोरलेला असतो. रोकोको या शैलीचे नावच शंख-शिंपले आणि खडकांच्या सजावटीसाठी असलेल्या फ्रेंच शब्दावरून आले आहे. ते काम सुबक असते, पण लाकडातला शिंपला सुताराच्या मर्जीप्रमाणे वळतो. त्यात ती झटापट नसते, म्हणून मी त्यापुढे फार वेळ रेंगाळत नाही. चैत्रांगणात काढलेला चार रेघांचा शंख मला त्याहून जवळचा वाटतो.

घेणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. खरा शिंपला हाताला गार लागतो आणि भिंगाखाली त्यात वाढीच्या असमान रेषा दिसतात, तर प्लास्टिकच्या नकलेतली चमक सगळीकडे सारखीच घोटलेली असते. आणि नॉटिलस, राक्षसी शिंपला, शिंगे असलेला मोठा शिरस्त्राण-शंख अशा काही जातींना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे विकणारा कितीही जुने म्हणाला तरी चौकशीशिवाय घेऊ नयेत. शंख-शिंपले लाकडी कपाटात बंद करूनही ठेवू नयेत. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते.

पणजीच्या पेटीवरची एक पाकळी गेल्या पावसाळ्यात निखळली आणि हरवली. दुरुस्त करून देणाऱ्याने तिथे बसवण्यासाठी चमकदार तुकडा आणला होता. मी त्यावरून अंगठा फिरवला. तो पूर्ण सपाट होता. मी तो परत केला. सध्या त्या जागी सागवानाचा पाकळीच्या आकाराचा खळगा आहे, तळाशी चुकेचे छिद्र आहे, आणि उरलेल्या सात पाकळ्यांसह पेटी सुती कापडात सैल गुंडाळून उघड्या फळीवर ठेवलेली आहे.