परदेशी पेशंटचं काम का सोडलं?

‘चांगला चाललेला धंदा बंद का केला?’ लग्नात विचारता, नागपुरात बर्डीवर भेटलं की विचारता. आता तर स्वतःचं ऑफिस उघडायला निघालेली पोरंही विचारतात. ताई, मिहानमध्ये एम्स आलं, शारजाचं थेट विमान आहे, रामदासपेठ-धंतोलीत पावलोपावली स्पेशालिस्ट, आणि तुम्ही आत्ताच सोडलं? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते.

परदेशी पेशंटना इथल्या हॉस्पिटलांत आणणारी एजंट होते मी. काम खोटं नव्हतं, हे आधी सांगते. व्हिसासाठी हॉस्पिटलचं पत्र काढायचं, सोनेगावच्या विमानतळावर घ्यायला जायचं, खोली बघायची, चोवीस तासांच्या आत फॉर्म सी, म्हणजे परदेशी माणूस मुक्कामाला आल्याची सरकारी नोंद, भरायचा, कामठीच्या एका पोराला दुभाषा म्हणून सोबत द्यायचं. काठी टेकत आलेल्या बाया नवे गुडघे घेऊन स्वतःच्या पायांनी विमानात चढल्या. मी कुणाला फसवलं नाही.

असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. आता ओमानच्या आजोबांबद्दल.

ते बायपाससाठी आले. सोबत दोन मुलगे. अटेंडंट व्हिसा दोघांनाच मिळतो. पॅकेज साडेचार लाखांचं, दहा दिवसांचं. पाचव्या दिवशी इन्फेक्शन झालं, मग व्हेंटिलेटर. तिथून पुढे रोज सकाळी बिलिंग काउंटरवरून डिपॉझिटची चिठ्ठी यायची. मोठा मुलगा फोनवर रियालचे रुपये करून बघायचा आणि चिठ्ठीच्या मागे पेनने आकडा लिहायचा. त्याच्या खिशात चिठ्ठ्यांची जाड घडी झाली होती. दुभाषा म्हणाला, ‘ताई, तो विचारून राहिला, पॅकेजमध्ये हे का नाही?’

कारण पॅकेजच्या कागदावर खाली एक ओळ होती: गुंतागुंत झाल्यास खर्च वेगळा. मी त्यांना जो अरबी कागद पाठवला, त्यात ती ओळ नव्हती. एका पानात बसत नव्हतं म्हणून मीच गाळली होती. त्या दिवशी त्याला म्हटलं, ‘डॉक्टर सांगतील.’

एकविसाव्या दिवशी आजोबा गेले. मग मृत्यूचा दाखला, पोलिसांची एनओसी, दूतावासाचं पत्र, एम्बामिंगचं, म्हणजे मृतदेह टिकवण्यासाठी केलेल्या प्रक्रियेचं सर्टिफिकेट. शवपेटीवरच्या लेबलात नावाचं एक अक्षर पासपोर्टपेक्षा वेगळं पडलं होतं. धाकट्याने बोट ठेवून दाखवलं. लेबल पुन्हा छापून आणेपर्यंत तो पेटीवर हात ठेवून उभाच राहिला.

पुढच्या महिन्यात हॉस्पिटलकडून माझे पैसे आले. एकूण बिलाचे पंधरा टक्के. बिल चौदा लाखांचं, म्हणजे दोन लाख दहा हजार. आजोबा दहाव्या दिवशी चालत घरी गेले असते, तर मला साडेसदुसष्ट हजार मिळाले असते. पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन देऊ-घेऊ नये, असं मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम सांगतात. मी डॉक्टर नव्हते, माझं बिल ‘सेवाशुल्क’ म्हणून निघायचं. पैसे मी परत केले नाहीत. ऑफिसचं भाडं थकलं होतं, दुभाष्या पोराचा पगार द्यायचा होता.

तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते. इन्फेक्शन तू केलंस का? नाही. तू नसतीस तर दुसऱ्या एजंटने आणलं नसतं का? आणलं असतं, आणि त्याने ती ओळ सोडाच, फॉर्म सीसुद्धा भरला नसता. मग तू सोडून कुणाचं भलं झालं? याला माझ्याकडे उत्तर नाही.

मागच्या दिवाळीत मोठ्या मुलाचा फोन आला. त्याच्या मामांचा व्हॉल्व बदलायचा होता. मी त्याला लिहून दिलं: पॅकेजमध्ये आयसीयूचे दिवस किती, त्यापुढे रोजचा दर काय, रक्त आणि औषधं धरलीत का, एजंटला किती टक्के जातात, सगळं सही-शिक्क्यासह अरबीत मागून घे. त्याने विचारलं, ‘तुमचे किती?’ मी म्हटलं, काही नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, मागच्या वेळीही तुम्ही आमच्याकडून काही घेतलं नव्हतं.’

मामांचं ऑपरेशन कुठे झालं, ते त्याने मला कळवलं नाही.