चाळीस बाटल्या आणि एक तोटी

आमच्या घरात बीअर नवरा बनवतो असं सगळ्यांना सांगितलं जातं. म्हंजे तो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणतो, शनिवारचा अख्खा दिवस स्वैपाकघर अडवून बसतो, हॉप्सचा, म्हंजे बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, वास पडद्यांना आठवडाभर येत राहतो आणि मग ग्रुपवर फोटो पडतात, वा वा होते. बाटल्या कोण भरतं हे आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही. तर मी भरते. आणि चार वर्षं भरल्यावर ह्या विषयावर मला जरा बोलायचंय.

आम्ही जर्मनीत एर्लांगनला राहतो. बामबर्ग ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर, आजूबाजूच्या खेड्याखेड्यात ब्रुअरी, त्यामुळे घरी कशाला करायची हा प्रश्न इथे रास्त आहे, त्याचं उत्तर नवऱ्याला विचारा. जर्मनीत घरी स्वतःपुरती करता येते, पहिल्यांदा करायच्या आधी कस्टम्सवाल्यांना कळवायचं, विकायची नाही, आणि वर्षाची जी मर्यादा आहे तिच्या आत टॅक्सही नाही. (हे वाचून पुण्यात कुणी सुरू करू नका, तिकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय बनवणं हा सरळ गुन्हा आहे.)

आमचा एक घाणा २० लिटरचा. इथली साधी बाटली अर्ध्या लिटरची, क्रेटमध्ये बसतात २०, म्हंजे बरोब्बर दोन क्रेट. कागदावर किती सुंदर हिशोब ना. पहिल्या वेळी ह्या दोन क्रेटला आम्हाला साडेपाच तास लागले, फरशी चिकट, मोजे चिकट, मांजर असती तर तीही चिकट झाली असती, आणि भांडण वेगळं.

एवढा वेळ कशात गेला? भरण्यात नाही, धुण्यात. रिकाम्या बाटल्या महिनाभर बाल्कनीत साठवलेल्या, तळाशी यीस्टचा थर वाळून खडखडीत, दोनतीनमध्ये तर हिरवी बुरशी. ब्रश घालून घासा, उलट्या करून बघा, परत घासा. वरच्या मजल्यावरचे आजोबा तेव्हा जिन्यात भेटले, ते तीसेक वर्षं घरी बीअर करतायत, माझे हात बघून हसले आणि म्हणाले की बाटली धुवायची ती पिऊन झाल्या झाल्या, भरायच्या दिवशी नाही. बास एवढंच. आणि मला इतकी लाज वाटली, कारण दुधाच्या पातेल्यात लगेच पाणी घालून ठेवायचं हे मला सहाव्या वर्षापासून माहितीये! तेच आहे हे. ग्लासात ओतली की गप्पा मारत बसायच्या आधी बाटलीत गरम पाणी, तीनदा खळखळवायची, उलटी करून वाळवायची, क्रेटमध्ये ठेवायची. साबणसुद्धा नको. पाहुण्यांना पण हाच नियम, आमच्याकडे बीअर प्यायची तर बाटली खळबळून जायचं. एकदोघांना राग आला असेल, येऊ दे.

आता बाटली स्वच्छ दिसणं वेगळं आणि तिच्यात जंतू नसणं वेगळं, हे दोन्ही एकाच पाण्यात होत नाही. आधी घाण गेली पाहिजे मगच सॅनिटायझर काम करतं, थराखाली ते पोचतच नाही. आम्ही केमिप्रो ऑक्सी नावाची सॅनिटायझरची पावडर वापरतो, लिटरला ४ ग्रॅम, आत सगळीकडे ओलं होऊन दोनचार मिनिटं राहिलं की उलटी करून निथळायची. परत नळाखाली धरायची नाही. पहिल्यांदा मी दर बाटली वरून साध्या पाण्याने विसळत होते, सवयीने हो, आणि त्यात सगळं मुसळ केरात.

दुसरा उपाय ओव्हनचा. कोरड्या बाटल्या, तोंडाला फॉइलची टोपी, थंड ओव्हनमध्ये आडव्या रचायच्या, १७० डिग्रीला तासभर, आणि मग दार उघडायचंच नाही, आतच सावकाश थंड होऊ द्यायच्या नाहीतर काच तडकते. आदल्या रात्री करून ठेवता येतं हा मोठा फायदा, फॉइल काढेपर्यंत आत काही जात नाही. पण आमच्या ओव्हनमध्ये जेमतेम पंधरा बसतात आणि वीजबिल बघून मी परत पावडरीवर आले. डिशवॉशरही करून पाहिला, त्याचं पाणी बाटलीच्या त्या चिंचोळ्या तोंडातून वर चढत नाही नीट. वर चकाकी येण्यासाठी घालतात ते लिक्विड जरा राहिलं तरी बीअरचा फेस बसतो.

पण डिशवॉशरचा एक उपयोग आहे. त्याचं दार उघडून आडवं करायचं आणि त्यावर बाटली ठेवून भरायची, सांडेल ते दारावर सांडतं, शेवटी दार लावलं की झालं. ह्या एका गोष्टीने आमचा संसार वाचला असं मी मानते.

आता तोटीची गोष्ट.

तिसऱ्या की चौथ्या घाण्याला वाइसबिअर, म्हंजे गव्हाची बीअर, केली होती. दोन आठवड्यांनी ग्रिलिंगला मंडळी आली, पहिली बाटली उघडली आणि कारंजं, अर्धी बाटली छतावर. दुसरी तशीच. आम्ही म्हटलं, बाटलीत गॅस व्हावा म्हणून भरताना घालतो ती साखर जास्त पडली. चवीत लवंगेसारखा वास होता पण वाइसबिअरला तो असतोच, त्या यीस्टचाच गुण तो, त्यामुळे कुणालाच काही खटकलं नाही, उलट कौतुक झालं! पुढची बीअर पेल एल, तिच्यात लवंग असायचं काहीच कारण नाही, आणि तिलाही लवंग आणि तिलाही कारंजं. तेव्हा कळलं की आपल्याकडे कुणीतरी भलताच यीस्ट राहायला आलाय, जो साखर संपली तरी थांबत नाही, उरलेलं सगळं खात बसतो.

बाटल्या उकळल्या, नळ्या फेकून नव्या आणल्या, पुढच्या वेळी परत तेच. शेवटी एका रविवारी मी, ज्या बादलीतून बाटल्या भरतो तिची तोटी काढली. आम्ही ती दर वेळी बाहेरून धुवायचो, आतून सॅनिटायझर वाहू द्यायचो आणि समाधानी असायचो. ती फिरते तो मधला भाग ओढून बाहेर काढता येतो हे आम्हाला माहीतच नव्हतं, गरम पाण्यात ठेवून जरा जोर लावला तर निघाला. आत तपकिरी, बुळबुळीत, वास तर सांगतच नाही. म्हंजे दर वेळी आम्ही चाळीस बाटल्या लोणच्याच्या बरणीसारख्या जिवापाड जपायचो आणि शेवटी त्या घाणीतून बीअर गाळून घ्यायचो.

तेव्हापासून दर वेळी तोटी सुटी होते, तिचे तीन तुकडे, रबरी वॉशर, आटे, सगळं गरम पाण्यात. तोटी पाच युरोच्या आसपास मिळते, जुनी झाली की सरळ बदलायची, तिच्यावर जीव लावू नये. ब्युगेलच्या बाटल्यांचंही तसंच, त्या झाकण तारेने अडकवलेलं असतं ना त्या, उघडताना प्लॉप वाजतं म्हणून नवऱ्याला फार आवडतात, पण लाल रबराच्या खाली बोट घालून बघा एकदा. रबर काढून उकळायचं, चिरा दिसल्या की टाकायचं. माझं मत विचाराल तर साधी बाटली आणि पत्र्याचं बूच, रोज नवं, रोज स्वच्छ. १८९२ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने ते शोधलं, आजच्या बुचाला २१ दाते असतात, कंटाळा आला की मोजून बघा.

साखरेचं थोडक्यात. आंबणं पूर्ण झालंय का ते आधी बघायचं, तीन दिवस तरंगमापीचा (बीअरमध्ये किती साखर उरली ते त्यावरून कळतं) आकडा तोच आला पाहिजे, भारतात जायची फ्लाइट आहे म्हणून घाईत भरायची नाही (आम्ही भरली होती, तळघरात दोन फुटल्या, नशीब तेव्हा तिथे कुणी नव्हतं). पेल एलला आम्ही लिटरला साधारण ७ ग्रॅम साखर धरतो, २० लिटरला १४० ग्रॅम, वाइसबिअरला लिटरला १० च्या आसपास. इथले सोवळे लोक साखर घालतच नाहीत, बीअरच्या शुद्धतेच्या १५१६ च्या नियमात बसत नाही म्हणे, ते न आंबवलेला गोड काढा आधीच बाजूला काढून ठेवतात आणि तो मिसळतात. आमचं एवढं सोवळं नाही. साखर थोड्या पाण्यात उकळून बादलीच्या तळाशी, तिच्यावर बीअर नळीने हळूच सोडायची, नळीचं तोंड बुडलेलं पाहिजे, खळखळ आवाज आला म्हंजे हवा मिसळली, आणि तशी बीअर पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. मग चमच्याने एकदा सावकाश ढवळायचं. एकदा ढवळायचं राहिलं तर पहिल्या दहा बाटल्या कारंजं आणि शेवटच्या दहा निव्वळ ताक.

भरायला दांडी वापरायची, टोकाला स्प्रिंग असलेली. बाटलीच्या तळाला टेकली की चालू, उचलली की बंद. काठोकाठ भरायची आणि दांडी बाहेर काढायची, दांडीची जागा रिकामी होते तेवढीच वर मोकळी राहते, मोजायची गरज नाही. नवरा डिशवॉशरपाशी खाली बसून भरतो, मी ओट्यावर बुचं मारते. मध्ये मोबाइल नाही, ह्यावर मी ठाम आहे, कारण त्याच हाताने तो बाटलीचं तोंड धरतो. एक प्लास्टिकची बाटली मुद्दाम भरतो, ती दाबून बघायची, दगडासारखी कडक झाली म्हंजे बाकीच्यांतही गॅस झाला. दहाबारा दिवस घरातल्या उबेत आणि मग तळघरात.

आता सगळं मिळून सव्वा तास. त्यात तोटी सुटी करून टॉवेलवर वाळत घालणं आलं, ते संपल्याशिवाय कुणी सोफ्यावर बसत नाही.

आणि चाळीस बाटल्या कधीच भरत नाहीत. तळाचा गाळ सोडून द्यावा लागतो, एकोणचाळीस होतात आणि एक अर्धी राहते, तिला बूच लावण्यात अर्थ नसतो. ती आम्ही तिथेच फरशीवर बसून दोन वाट्यांत ओतून पितो, गॅस नाही, कोमट, जरा गोड. परवा पिता पिता तो म्हणाला, माझी ह्या वेळची मस्त झालीये. मी म्हटलं हो, तुझी. बाटली खळबळून ठेव.